खिमा मशीनचा ऑइल कप

साहेबांनी माझी करवत उचलली, दातांवरून अंगठा फिरवला, "छान आहे" म्हणाले आणि टेबलावर परत ठेवली. मग पास्कूची सुरी उचलली. ती मात्र परत ठेवली नाही. पुढची दहा मिनिटं ते माझ्याशी बोलले ती सुरी हातात धरूनच. मध्येच मुठीत फिरवायचे, मध्येच पात्यावर नख वाजवायचे. मी काय सांगत होतो ते त्यांच्या कानावर पडलं असेल असं मला वाटत नाही.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. गाठीला डिप्लोमा होता, अकरा वर्षांची नोकरी होती, आणि एका सुरीचा मला हेवा वाटत होता. सुरीचा म्हणजे ती करणाऱ्याचा. आज हे लिहायला काही वाटत नाही. तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या पाच-सहा वर्षांतली. आमचा कारखाना घाटकोपरला आग्रा रोडला लागून होता. कापड गिरण्यांना लागणारे सुटे भाग आम्ही बनवत असू. मालक मानकर साहेब स्वतः इंजिनियर होते. मुलुंडला त्यांचा बंगला होता आणि त्यांना शिकारीचा नाद होता. त्या काळी परवाना काढून रीतसर शिकार करता येत असे. ठाण्यापलीकडच्या रानात ते थंडीच्या दिवसांत दोन-तीनदा जात, आणि हरीण मिळालं तर जीपमधून घरी आणत. घरी आणल्यावर खरी पंचाईत सुरू होई. खाटकाला बोलवावं तर तो यायचा दुपारी, आणि आला की बोकडाच्या हिशेबाने वाटेल तसं तोडून जायचा. बाईसाहेब वैतागायच्या. शेवटी साहेबांनी ठरवलं की सोलण्यापासून खिम्यापर्यंतची सगळी अवजारं आपल्याच कारखान्यात करून घ्यायची आणि पुढचं हरीण घरच्या घरी नीट करायचं.

काम दोघांत वाटलं. सुऱ्या आणि हरीण टांगायचा दांडा पास्कूकडे. हाडं कापायची करवत आणि खिमा मशीन माझ्याकडे.

आता पास्कू कोण ते सांगायला हवं. पूर्ण नाव पास्कल, कांजूर गावातला ख्रिस्ती माणूस, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. घरी थोडी भातशेती, भाऊ खाडीवर मासे मारणारा. हा शाळेत पाचवीपर्यंत गेलेला. कुठल्याशा गोदीत फिटरच्या हाताखाली शिकून आमच्याकडे चार वर्षांपूर्वी लागला होता. ड्रॉइंग वाचायला त्याला माझ्या दुप्पट वेळ लागे. पण एकदा वाचलं की कानस अशी चाले की मोजमाप घ्यायला गेलेला इन्स्पेक्टर गेज खिशात टाकून परत येई. साहेब मला "अहो बापट" म्हणत आणि त्याला "अरे पास्कू". माझ्याशी बोलताना त्यांचे हात पाठीमागे असत, त्याच्याशी बोलताना त्याच्या खांद्यावर. ह्या गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही. मी ठेवल्या होत्या, मनात, तारीखवार.

घरीही सुटका नव्हती. एकदा आमचा स्टोव्ह बिघडला. मी दोन रविवार तो उघडून बसलो होतो. तिसऱ्या आठवड्यात पास्कू कारखान्याचा काही निरोप घेऊन मुलुंडला आमच्या घरी आला आणि चहा होईपर्यंत त्याने स्टोव्ह सुरू करून दिला. चहा त्याच स्टोव्हवर झाला. त्यानंतर आमच्या सौभाग्यवतीच्या तोंडी 'पास्कलभावजी' हे नाव आठवड्यातून दोनदा तरी येई. मी ताटावरून न बोलता उठायला शिकलो.

आणि खरी बोच वेगळीच होती. कारखान्यात नवी टूलरूम सुरू व्हायची होती. टूलरूम म्हणजे जिथे माल बनत नाही, माल बनवणारी हत्यारं बनतात ती खोली. तिथे एक चार्जहँड नेमायचा होता. चार्जहँड म्हणजे फोरमनच्या खालचा पण हाताखाली आठ-दहा माणसं असलेला. अकरा वर्षं मी अशाच एखाद्या खुर्चीकडे डोळे लावून होतो. साहेबांनी अजून कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. शिकारीच्या अवजारांचं काम आम्हा दोघांनाच का दिलं, ह्याचा अर्थ मी लावला होता. कारखान्यातल्या बाकीच्यांनीही लावला होता.

माझी अडचण साधी होती. मी जन्मात मांस खाल्लेलं नाही. आमच्या घरी अंडंही येत नसे. हरीण आतून कसं असतं, हाड कशाला चिकटलेलं असतं, ह्याची मला काडीइतकी कल्पना नव्हती. माझ्यापासून वीस फुटांवर पास्कू बसत होता. त्यांच्या गावात लग्न निघालं की आदल्या दिवशी मांडवामागे डुक्कर कापलं जाई आणि गावच्या जेवणाचा सगळा मसाला-मटणाचा कारभार त्याच्या घराण्याकडे असे, हे त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. त्याला विचारलं असतं तर अर्ध्या तासात सगळं कळलं असतं. मी विचारलं नाही.

त्याऐवजी मी एका रविवारी सकाळी घाटकोपरच्या बाजारात गेलो. अंगात कोट, हातात वही, खिशात फूटपट्टी. एका खाटकाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभा राहून त्याची करवत आणि खिमा मशीन न्याहाळू लागलो. वहीत दोन ओळी लिहिल्या असतील तोच त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. पाहता पाहता करवत गोणपाटाखाली गेली, फळीवर पाणी पडलं, माश्या हाकलल्या गेल्या आणि तो हात पुसत माझ्याकडे आला. "साब, सब साफ है. आप अंदर आके देखो. सोडा मंगाऊँ?" त्याला मी म्युनिसिपालिटीचा माणूस वाटलो होतो. मी नाही नाही म्हणत मागे सरकलो, तसा त्याचा संशय पक्का झाला. सोडा न पिताच मी घरी आलो. वहीत खिमा मशीनचं समोरून दिसणारं एक चित्र होतं. मागची बाजू, जिथे दांडा फिरतो ती, मला दिसलीच नव्हती.

तरी हात चालू केला. खिमा मशीन कसं असतं ते थोडक्यात सांगतो. वरून नरसाळं, त्यात मांस टाकायचं. आत आडवा स्क्रू, त्याला मागून हँडल. हँडल फिरवलं की स्क्रू मांस पुढे ढकलतो. पुढे चार पात्यांची छोटी सुरी फिरते आणि तिच्यापुढे भोकांची जाळी असते. सुरी आणि जाळी एकमेकांना कागदही शिरणार नाही इतक्या चिकटून फिरल्या तर मांस कापलं जातं, नाहीतर चेंगरतं. हे माझं क्षेत्र होतं. सुरी आणि जाळी मी काचेवर बारीक पावडर लावून इतकी सपाट घासली की एकीवर दुसरी ठेवली तर सरळ उचलता येत नसे, सरकवून काढावी लागे. मशीनच्या अंगाला आतून कल्हई करून घेतली. हँडलला शिसवी मूठ बसवली.

आणि मागच्या बाजूला, जिथे स्क्रूचा दांडा पितळी बुशात, म्हणजे त्याला धरणाऱ्या आखूड नळीत, फिरतो तिथे, मी एक ऑइल कप बसवला. ऑइल कप म्हणजे झाकणाची पितळी कुपी. तिच्यात मशीनचं तेल घातलं की ते थेंबाथेंबाने फिरत्या भागाला मिळत राहतं. आमच्या धंद्यात फिरणारा दांडा कोरडा ठेवणं म्हणजे पाप. त्यामुळे ऑइल कप बसवताना मी एक क्षणही विचार केला नाही. उलट तो नक्षीदार केला, पॉलिश केला. मशीनवर तो दागिन्यासारखा दिसत होता.

पोलाद कडक करायची भट्टी माझ्या ताब्यात होती. त्यामुळे पास्कूला सुऱ्यांना पाणी द्यायला माझ्याकडेच यावं लागलं. पाणी देणं म्हणजे पातं लाल करून तेलात विझवायचं, मग पुन्हा थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. पात्यावर चढणाऱ्या रंगावरून ते किती कडक राहिलं ते कळतं. पिवळसर रंगावर काढलं तर कडक, जांभळ्यावर काढलं तर नरम.

तो तीन पाती घेऊन आला. एक मोठं, एक बोटाएवढं रुंद, आणि एक आखूड, टोकाकडे वर वळलेलं. तिसरं कातडं सोलायचं, असं त्याने सांगितलं. टोक वर वळवलं की ते पोटात घुसत नाही. मी न ऐकल्यासारखं केलं.

"बापटभाव, लय कडक नको ठेवू," तो म्हणाला. "जांभळं होऊ दे जरा."

"कडक पातं म्हणजे चांगलं पातं. एवढं तरी ठाऊक असेल तुला."

"ते लोखंड कापायला. हे हाडावर घासतंय. टवका उडेल. नरम असलं तर घरी दगडावर लावता तरी येते."

माझ्या भट्टीशी उभं राहून मला पोलाद शिकवत होता. तिळपापड झाला अंगाचा. तेव्हा एक विचार मनात येऊन गेला, आणि तो मी लपवणार नाही. ती पाती मला बिघडवता आली असती. मिनिटभर जास्त तापवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी बिघडवली नाहीत. चांगुलपणा म्हणून नव्हे. माझ्या भट्टीतून वाईट माल बाहेर गेलेला मला चालणार नव्हता. मी त्याने सांगितलं तसंच केलं, जांभळ्यावर काढलं, आणि मनात म्हटलं, दुपारपर्यंत बोथट होऊ दे म्हणजे साहेबांसमोर कळेल.

तर त्या दिवशी टेबलावर सगळं मांडलं होतं तेव्हा साहेबांनी माझी करवत ठेवली आणि पास्कूची सुरी धरून ठेवली. मग खिमा मशीनपाशी आले आणि माझ्या जिवात जीव आला. हँडल फिरवून पाहिलं. जाळी काढून तोंडापाशी धरली आणि तिच्यात स्वतःचा चेहरा पाहिला. मग ऑइल कपचं झाकण उघडून ते खूश झाले. "वा बापट. ऑइल कपसुद्धा." साहेबही इंजिनियर. त्यांनाही फिरता दांडा कोरडा बघवत नसे.

पास्कूने वाकून पाहिलं. "ह्याच्यात तेल कुठलं घालाचं भाव?"

"तुझ्या डोक्याला लावतोस ते सोडून दुसरं कुठलंही," मी म्हटलं. साहेब हसले. पास्कूही हसला. अकरा वर्षांत साहेब माझ्या विनोदाला पहिल्यांदाच हसले होते, त्या भरात प्रश्न तिथेच राहून गेला.

जानेवारीत हरीण मिळालं. चितळ होतं, नर. साहेब एका बुधवारी पहाटे जीप घेऊन परत आले आणि आम्हा दोघांना बंगल्यावर बोलावणं आलं. बरोबर रानातली चार-पाच हाकेवाली माणसं होती. हाका करणारे म्हणजे रान उठवून जनावर बंदुकीकडे वळवणारे. शिवाय बंदुकीचे दोन पाहुणे, त्यातले एक एका मोठ्या गिरणीचे चीफ इंजिनियर. आमच्या कारखान्याची निम्मी कामं त्यांच्या सहीने येत.

मागच्या अंगणात आंब्याच्या फांदीला कप्पी बांधली होती. पास्कूचा दांडा दोन्ही टोकांना वर वळलेला होता. हरणाच्या मागच्या पायांच्या शिरा त्यात अडकवल्या, दोर ओढला आणि चितळ पाय फाकवून वर गेलं. मी वाऱ्याच्या उलट्या बाजूला, विहिरीपाशी उभा राहिलो. बघायचं नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. पास्कूने आखूड सुरीने घोट्यापाशी गोल छेद दिला, मग सुरी दातांत धरली आणि दोन्ही हातांनी कातडं खाली ओढलं. ओला सदरा अंगातून काढावा तसं ते निघत गेलं. सुरी फक्त जिथे अडेल तिथे लागत होती. एक भोक पडलं नाही. हाकेवाल्यांतला म्हातारा पुढे येऊन त्याला काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही, पण शाबासकी होती हे कळलं. रानातला माणूस, त्याची आणि पास्कूची ओळख पाच मिनिटांची. तीही माझ्या डोळ्यात खुपली.

मग तंगडं वेगळं करायचं होतं. साहेब मोठ्या हौसेने माझी करवत घेऊन सरसावले. चार हात मारले आणि करवत फिरेना. मी तिला लोखंड कापायच्या करवतीसारखे बारीक दात ठेवले होते, इंचाला चोवीस. त्या दातांत चरबी आणि हाडाचा ओला भुगा गच्च बसला होता. साहेबांनी ती झटकली, पुसली, पुन्हा मारली. पुन्हा तेच. मांसावर पांढरा भुगा पडला.

"अहो बापट, हे हरीण आहे. शाफ्ट नाही," साहेब म्हणाले. पाहुणे हसले.

पास्कूने करवतीला हातही लावला नाही. खुब्यापाशी बोटाने चाचपलं, बोटाएवढी सुरी आत घातली, जराशी फिरवली आणि तंगडं त्याच्या हातात आलं. हाड कापायचंच नसतं, सांधा शोधायचा असतो. हे त्याला ठाऊक होतं. त्याची नरम सुरी दुपारपर्यंत कुठे अडली नाही. दोनदा धार मंदावली तेव्हा त्याने ती विहिरीच्या कठड्याच्या दगडावर लावून घेतली.

तोडून झाल्यावर वाटे घालायचे होते. हाकेची रीत अशी की जनावर मारण्यात ज्याचा ज्याचा हात लागला त्याचा वाटा निघतो. हाकेवाल्यांचा एकेक, बंदुकीचा वेगळा, कुत्र्याचाही वेगळा. केळीच्या पानांवर वाटे मांडले. साहेब म्हणाले, अवजारं करणाऱ्यांचेही दोन काढा. पास्कूने आपला उचलला. माझा पानावर राहिला.

"बापट, तुमचा?" साहेबांनी विचारलं.

मी मान हलवली. हाकेवाला म्हातारा मध्ये पडला. त्याचं म्हणणं, वाटा असा सोडता येत नाही. नको असेल तर कुणाला द्यायचा ते स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं, नाहीतर पुढची शिकार मिळत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

"माझा वाटा पास्कूला द्या," मी म्हणालो. ज्या सुरात म्हणालो तो सूर मला आजही आठवतो. शिळं भिकाऱ्याला द्या म्हणताना निघतो तसा. पास्कूने दोन्ही हातांनी पान घेतलं आणि म्हणाला, "आय खूश होईल माझी."

आता खिमा राहिला होता. ही माझी वेळ होती. मशीन टेबलाला आवळलं, साहेबांनी मांस टाकलं, मी हँडल फिरवलं. जाळीतून खिमा एकसारख्या लांब दोऱ्यांनी बाहेर आला. पाणी नाही, चेंगरणं नाही. बाईसाहेब स्वयंपाकघरातून बघायला आल्या. इतका सुरेख खिमा बाजारातही मिळत नाही, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. गिरणीचे इंजिनियर जवळ आले आणि जाळी कशी घासली ते मला विचारू लागले. सकाळपासून मी विहिरीपाशी उभा होतो, तो आता अंगणाच्या मध्यभागी होतो.

हँडल जरा कुरकुरलं तसं मी ऑइल कप भरला.

"भाव, आता तेल नको घालू," पास्कू हळूच म्हणाला. मला एकट्यालाच ऐकू जाईल इतकं हळू.

"कुरकुरतंय."

"कुरकुरू दे."

गिरणीचे इंजिनियर बाजूलाच होते. पास्कूकडून शिकवून घेताना मी त्यांना दिसणार नव्हतो. मी झाकण उघडलं आणि तेल आणखी घातलं. गरज नव्हती. त्याने नको म्हटलं म्हणून घातलं. मशीन मऊ फिरू लागलं. तेल बुशातून पुढे सरकून कुठे जाईल हे डिप्लोमा झालेल्या माणसाला कळायला हवं होतं. वास म्हणाल तर अकरा वर्षं मी त्याच वासात होतो. घरी वरणभात कालवताना माझ्या हाताला तोच वास असे. मला तो वास वाटतच नसे.

दुपारी पाहुणे आत जेवायला बसले. आम्हा दोघांची पानं मागच्या ओसरीत मांडली. बाईसाहेबांनी माझ्यासाठी वेगळं वरणभात आणि बटाट्याची भाजी केली होती. पास्कूच्या पानात कटलेटं वाढली. त्याने एक घास घेतला, चावायचा थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि घास गिळला. तेवढ्यात आतून गिरणीच्या इंजिनियरांचा आवाज आला.

"मानकर, ही कटलेटं कुठल्या लेथवर केलीत?"

कुणी हसलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि साहेब ताट हातात घेऊनच ओसरीत आले. ताट त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये धरलं.

"हा कसला वास आहे?"

माझ्या तोंडात भात होता. तो गिळायला मला फार वेळ लागला. ऑइल कप म्हणायला एक शब्द पुरे होता. तो शब्द म्हटला की चार्जहँडची खुर्ची गेली, हे मला दिसत होतं. भात गिळून झाला तसा मी पुढचा घास कालवू लागलो.

"साहेब, माझी चूक हाय," पास्कू म्हणाला. "सकाळी मशीन मी पुसलं. फडक्याला तेल होतं, बघितलं नाय."

त्याने मशीनला हातही लावला नव्हता. साहेबांनी अंगणात नजर टाकली. मशीन टेबलावर तसंच होतं, ऑइल कप उन्हात चमकत होता. साहेबांनी बराच वेळ तिकडे पाहिलं. मग "बरं" एवढंच म्हणाले आणि आत गेले. उरलेला खिमा कुत्र्यापुढे टाकला. सकाळी स्वतःचा वाटा चाटूनपुसून खाल्लेलं ते कुत्रं, हुंगून बाजूला झालं.

परत निघालो तेव्हा फाटकापर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. आभार मानायला हवे होते. मला राग आला होता. करवतीत तो जिंकला, सुरीत जिंकला, कातड्यात जिंकला, आणि वर चांगुलपणातही मला मागे टाकून गेला. तेवढं एक तरी माझ्यासाठी ठेवायचं होतं त्याने.

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं पास्कूच्या नेमणुकीचं पत्र मलाच टाइप करून आणायला सांगतील. त्यांनी टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला. टूलरूमचा चार्जहँड म्हणून त्यावर माझं नाव होतं.

मी थँक्यू सर म्हणालो. त्यांनी मान डोलावली नाही.

"शनिवारी संध्याकाळी मी पास्कूला बोलावलं होतं," ते म्हणाले. "आधी त्याला विचारलं. तुम्हाला ठाऊक असलेलं बरं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, माझा वाटा बापटभावला द्या."

खिडकीबाहेर शिफ्टचा भोंगा झाला. साहेब पुढे म्हणाले, "ऑइल कप पाहून मीही वा म्हणालो होतो, तेव्हा त्याबद्दल मी काही बोलत नाही. करवतीचे दात मात्र बदलून द्या." मी कागद घडी करून खिशात ठेवला. माझ्या वाट्याचं पान मी ज्या सुरात पास्कूला देववलं होतं, तो सूर मला त्या केबिनमध्ये पुन्हा ऐकू आला. पास्कूने मात्र त्याच्या वाट्याबद्दल बोलताना तो सूर लावला नसणार, ह्याची मला खात्री होती.

त्याच आठवड्यात मी मशीन परत आणलं. ऑइल कप काढला, भोक बुजवलं, सगळे भाग सोड्याच्या उकळत्या पाण्यात धुतले. पाण्याने धुतलेलं मशीन वाळवून खोबरेलाचा हात फिरवायचा, हे पास्कूला विचारून केलं. करवतीला इंचाला दहा दात ठेवले. मानकरांकडे ते मशीन पुढे पुष्कळ वर्षं चाललं, शिकार बंद झाल्यावरही, बाजारच्या मटणावर. टूलरूममध्ये नव्याने येणाऱ्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगत असे. फिरणाऱ्या दांड्याला तेल घालण्याआधी तो कशात फिरतोय ते बघा, आणि ठाऊक नसेल तर ज्याला विचारायची लाज वाटते त्याला विचारा.

पास्कू माझ्या हाताखाली सोळा वर्षं होता. एवढ्या काळात त्याने त्या दिवसाचा विषय एकदाही काढला नाही. शेवटी मीच विचारलं की चार्जहँड का नाकारलंस. तो कानस पुसत होता.

"मना रविवारी भावाबरोबर खाडीवर जायला लागते," तो म्हणाला. "खुर्चीवर बसलो का डोकं रविवारी पण इथंच राहील. तुला पायजे होती भाव. मना नव्हती पायजे."

मी रविवारी काय करतो ते त्याने विचारलं नाही. मी रविवारी टूलरूमची हजेरी आणि कामाची पत्रकं घरी आणून बसत असे. सौभाग्यवती चहा ठेवून जात असे, न बोलता.

खुर्ची माझी होती. हेवा तरी संपायला हवा होता. तो संपला नाही. पूर्वी मला पास्कूच्या सुरीचा हेवा वाटायचा, त्यानंतर त्याच्या रविवारांचा वाटू लागला.